लढाई थांबवून एवढं समजावत का बसतात? फेट बघून वैतागलेल्यांसाठी

सप्टेंबर २०२५ मध्ये डीमन स्लेयर या जपानी अ‍ॅनिमेचा, म्हणजे तिकडच्या कार्टून मालिकेचा, इन्फिनिटी कॅसल हा पिक्चर भारतात लागला, हिंदी डबसकट, आणि तेव्हापासून ग्वाल्हेरातल्या आमच्या ओळखीच्या मराठी घरांमध्ये एक प्रश्न सारखा कानावर येतोय. पिक्चर आवडला, चित्रं तर काय सुंदर, पण ऐन लढाईत त्या अकाझा राक्षसाची मागची सगळी कथा सुरू झाली आणि संपायचं नावच घेईना, असं का करतात हे लोक? बरं पोरांचं पुढचं पाऊल ठरलेलं, याच युफोटेबल स्टुडिओने अजून काय काढलंय ते शोधायचं, आणि शोधलं की सापडतं फेट, त्यांचं दुसरं गाजलेलं अ‍ॅनिमे. मग तेच पोर तोंड पाडून येतं, काकू दोन एपिसोड बघितले, काही पल्लेच नाही पडलं, नुसते बोलतायत.

मला फेट मनापासून आवडतं आणि तरीही मी म्हणते की ही तक्रार शंभर टक्के खरी आहे. पोरांचं लक्ष टिकत नाही वगैरे काही नाही, बनवणाऱ्यांच्याच काही सवयी आहेत ज्यामुळे हे होतं, आणि त्या कळल्या की निदान आपलंच डोकं कमी आहे असं वाटणं तरी थांबतं.

आधी दोनच शब्द

लोर म्हणजे गोष्टीच्या मागचं सगळं जग, त्याचा इतिहास, घराणी, जादूचे नियम, कोण कोणाचा वैरी आणि का. एक्स्पोझिशन म्हणजे ते लोर प्रेक्षकाला सांगणं, मग पात्रांच्या तोंडून सांगा, निवेदकाकडून सांगा नाहीतर पाटी दाखवून. लोर भरपूर असण्यात वाईट काहीच नाही, उलट फेटसारख्या गोष्टी लोकांना वर्षानुवर्षं धरून ठेवतात त्या त्याच्याच जोरावर. वाट लागते ती सांगण्यात, आणि सांगण्यातही किती सांगितलं यापेक्षा कधी सांगितलं यात.

फेट म्हणजे आहे तरी काय

जपानमध्ये टाइप-मून नावाचा गट आहे, त्यात किनोको नासू लिहितात आणि ताकाशी ताकेउची चित्रं काढतात. २००० मध्ये हौशी मंडळी म्हणून त्यांनी त्सुकिहिमे नावाचा गेम काढला, तो गाजला, आणि जानेवारी २००४ मध्ये आला फेट/स्टे नाइट. हा व्हिज्युअल नॉव्हेल आहे, म्हणजे स्क्रीनवर चित्र असतं, त्यावर मजकूर येतो, तो क्लिक करत वाचायचा आणि मधे मधे काय करायचं ते आपण निवडायचं. त्यात एकाच सुरुवातीतून निघणाऱ्या तीन वेगळ्या कथा आहेत, फेट, अनलिमिटेड ब्लेड वर्क्स आणि हेवन्स फील, आणि तिन्ही वाचायच्या तर डझनावारी तास लागतात. कादंबरीच आहे ती, जाडजूड.

कथा अशी की फुयुकी नावाच्या शहरात सात जादूगार एकमेकांशी लढतात, आणि प्रत्येक जण आपल्या बाजूने इतिहासातला किंवा पुराणातला एक वीर बोलावतो. जादूगार तो मास्टर, वीर तो सर्व्हंट. वीरांचे सात प्रकार, सेबर, आर्चर, लान्सर, रायडर, कास्टर, असॅसिन, बर्सर्कर. शेवटी जी जोडी उरेल तिला होली ग्रेल मिळणार, हवी ती इच्छा पुरी करणारा प्याला. मास्टरच्या हातावर तीन खुणा असतात, एक खर्च केली की सर्व्हंटला तो हुकूम मानावाच लागतो. आणि प्रत्येक वीराकडे त्याच्या आख्यायिकेतलं एक खास शस्त्र किंवा सामर्थ्य असतं, त्याला नोबल फँटझम म्हणतात.

एका परिच्छेदात झालं बघा. कथा समजायला सुरुवातीला एवढं पुष्कळ आहे, बाकीचं हळूहळू कळत गेलं तरी चालतं, आणि म्हणूनच पहिल्याच एपिसोडला तीन घराण्यांचा इतिहास ऐकावा लागतो तेव्हा माणूस चिडतो.

प्रदक्षिणा

२०११ मध्ये युफोटेबलने फेट/झीरो काढलं. स्टे नाइटच्या दहा वर्षं आधीची ही कथा, मूळ कादंबरी गेन उरोबुची यांची, चार खंडांची. अ‍ॅनिमेचा पहिला एपिसोड नेहमीच्या दुप्पट लांबीचा आहे, पाऊण तासाच्या थोडा वरच, आणि त्यात एक प्रसंग आहे जो फेटवाल्यांमध्ये अगदी प्रसिद्ध आहे. किरेई नावाचा तरुण मधे उभा आहे, त्याचे वडील रिसेई आणि तोकिओमी नावाचा जादूगार त्याला ग्रेलचं युद्ध समजावतायत, आणि समजावता समजावता त्याच्याभोवती गोल गोल चालतायत.

आमच्या वहिनी भाच्याशेजारी बसून हे बघत होत्या, मोठ्या कौतुकाने बसल्या होत्या की पोराला काय आवडतं ते बघू तरी. थोडा वेळ शांत होत्या आणि मग म्हणाल्या, "अगं, हे दोघं त्याला प्रदक्षिणा का घालतायत?" भाचा म्हणाला मामी ते समजावतायत. "ते कळलं रे, पण उभं राहून समजावता येत नाही का?"

अगदी नेमकं बोट ठेवलं वहिनींनी. माझं मत असं की त्या प्रसंगात घडण्यासारखं काही नाहीये, फक्त माहिती आहे, आणि माहिती नुसती ऐकवली तर चित्र मेल्यासारखं दिसेल हे बनवणाऱ्यांना कळत होतं, म्हणून मग माणसं फिरवली. कागदावर बघाल तर प्रसंग चुकीचा नाही. किरेईच्या हातावर खुणा उमटल्यात, त्याला युद्धाबद्दल काही माहीत नाही, मग कोणीतरी सांगणारच ना. पण किरेईला प्रश्न पडलाय, आपल्याला अजून पडलेला नाही. हा किरेई कोण, त्याचं भलं व्हावं की वाईट, यातलं काहीच आपल्या मनात तयार झालेलं नसताना उत्तर आधी येऊन बसतं.

आपल्या नारदीय कीर्तनाचं उदाहरण घ्या. ग्वाल्हेरवाल्यांना हरिकथा काही नवीन नाही, तानसेन समारोहाची सुरुवातच इथे हरिकथा आणि मिलादने होते. कीर्तनात पूर्वरंग असतो, त्यात निरूपण, म्हणजे चक्क एक्स्पोझिशन, तेही वेदान्ताचं, याहून जड विषय कुठला शोधणार? तरी लोक बसतात. का बसतात, तर बुवा आधी अभंग म्हणतात. एखादा चरण आपल्या मनात अडकतो, याचा अर्थ काय बुवा असं वाटतं, आणि मग त्या चरणाचं निरूपण होतं. मध्यंतरात बुवांच्या गळ्यात हार पडतो आणि त्यानंतर उत्तररंगात आख्यान लागतं, ते लागलं की लागलं, द्रौपदी कृष्णाला हाका मारतेय आणि बुवांनी टाळ खाली ठेवून अर्धा तास मायेचे प्रकार सांगायला घेतले असं चांगला बुवा कधी करणार नाही. झीरोच्या पहिल्या एपिसोडात निरूपण आहे पण अभंगच म्हटलेला नाही. आणि इन्फिनिटी कॅसलमध्ये जे खटकलं ते आख्यानाच्या मधोमध थांबल्यामुळे खटकलं, अकाझाची कथा स्वतः तर किती हलवणारी आहे, मी रडले, पण लढाईचा चढलेला ताल उतरला तो उतरलाच.

मग हुशार लोक असं करतात का

सगळ्यात मोठं कारण म्हणजे पुस्तकातून पडद्यावर येणं. वाचताना आपली गती आपल्या हातात असते, कंटाळा आला तर पान पळवायचं, गोडी लागली तर परत वाचायचं, आणि निवेदक पात्राच्या डोक्यात बसून काय हवं ते सांगू शकतो. नासूंच्या लिखाणाची सगळी मजा तिथे आहे. त्यांच्या जगात जादूचे दोन दर्जे आहेत, विज्ञानाने पुरेसा पैसा आणि वेळ घालून जे करता येईल ती साधी जादू, आणि कशानेच करता येत नाही ती खरी जादू, आणि खऱ्या जादू सगळ्या मिळून फक्त पाच. ही मला फार सुंदर कल्पना वाटते कारण त्यात अशी गंमत लपलेली आहे की माणसाचं विज्ञान जसं पुढे जाईल तसा चमत्कार मागे सरकेल. गेममध्ये ही रात्री एकट्याने वाचायची गोष्ट आहे. अ‍ॅनिमेत डोक्यातलं निवेदन गेलं की ते सगळं कोणाच्या तरी तोंडात घालावं लागतं, आणि कॉलेजातली वाटावी अशी पोरं एकमेकांना व्याख्यान देतायत असं दिसायला लागतं. काढून टाकावं तर जुने वाचक म्हणणार आमचं आवडतं कापलं, ठेवावं तर नवे प्रेक्षक झोपणार, आणि स्टुडिओ बहुतेक वेळा जुन्यांचं ऐकतो कारण डीव्हीडी आणि बाकी वस्तू विकत घेणारे तेच असतात.

दुसरं, झीरो मुळात लिहिलं गेलं ते स्टे नाइट आधीच वाचलेल्यांसाठी. त्यांना किरेई पुढे कोण होणार ते माहीत होतं, त्यामुळे तो नुसता उभा दिसला तरी त्यांच्या अंगावर काटा येत होता, अभंग त्यांच्या मनात आधीपासून वाजत होता. आपण मात्र दहा वर्षं आधीची कथा म्हणजे आधी बघायची असं समजून तिथून सुरू करतो आणि नेमके तिथेच फसतो.

तिसरं कारण साधं पैशाचं आहे. माणूस उभं राहून बोलतोय तर ओठ हलवले की भागतं, दोन माणसं तलवारीने लढतायत तर प्रत्येक क्षण नव्याने काढावा लागतो, वेळही जातो आणि माणसंही लागतात. मग एखाद्या मोठ्या लढाईसाठी हात राखून ठेवायचा तर आधीचे एक दोन एपिसोड बोलण्यात जातात.

आणि चौथी म्हणजे लढता लढता आपली शक्ती समजावून सांगायची सवय, ती तर लढाईच्या जपानी चित्रकथांमध्ये जुनीच आहे. जुजुत्सू कायसेन या मालिकेने यावर युक्ती काढली, तिथे नियमच असा आहे की आपली विद्या शत्रूला उघड करून सांगितली की तिचा जोर वाढतो, त्यामुळे त्यातला नानामी आपलं सात-तीनचं गणित (समोरच्याचे दहा भाग धरून सात-तीनच्या रेषेवर घाव घालायचा) समोरच्याला सांगतो तेव्हा तो बोलत नसून डाव टाकत असतो. हुशारीची गोष्ट आहे. पण त्याच मालिकेतला कलिंग गेमचा, म्हणजे सगळ्यांना एकमेकांशी लढवणाऱ्या जीवघेण्या खेळाचा, भाग आला की नियमांवर नियम येतात आणि ही युक्ती सुद्धा कमी पडते.

आपल्यासाठी यात सबटायटलची भर. जपानी नावं, मधेच इंग्रजी संज्ञा, आयरिश आणि बॅबिलोनी वीर, हे सगळं खाली दोन ओळींत पळतंय, डोळे तिथे अडकलेत आणि वरचं चित्र निसटतंय. जपानी प्रेक्षकाला हा भार नाही.

कर्ण आला तेव्हा मात्र कोणी काही विचारलं नाही

याची उलटी बाजू बघण्यासारखी आहे. फेट/अपोक्रिफा म्हणून २०१७ ची मालिका आहे, त्यात लान्सर म्हणून कर्ण येतो. आपला कर्ण, कवचकुंडलांसकट. त्याचं मोठं अस्त्र वासवी शक्ती, आणि ते वापरायचं तर कवच जाणार. जपानमधल्या प्रेक्षकाला हे बसवून समजवावं लागणार, इंद्र कोण, कवच का मागितलं, बदल्यात शक्ती का दिली. आमच्या घरी भाच्याने पॉज करून "बघा बघा" म्हटलं आणि आजी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाल्या, "म्हणजे आता मरणार हा." बास! पुढची लढाई सगळ्यांनी श्वास रोखून बघितली.

फेट/ग्रँड ऑर्डर या मोबाईल गेममध्ये तर झाशीची राणी लक्ष्मीबाई सेबर म्हणून आहे. फूलबागेत जिची समाधी आहे तीच. ग्वाल्हेरच्या पोराला तिच्याबद्दल एक ओळ सांगायची गरज नाही, आणि तिकडे ओसाकाच्या पोराला १८५७ पासून सुरुवात करावी लागेल. तेच लोर एका घरात ओझं होतं आणि दुसऱ्या घरात नुसत्या नावाने अंगावर रोमांच येतात. म्हणून 'फेट समजायला अवघड आहे' हे वाक्य अर्धवट आहे, कोणाला अवघड आणि आधी काय माहीत असताना, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

मग नुसतं बोलणंच नको का? छे!

आता जे चांगलं आहे त्याबद्दल बोलते कारण याबद्दल कोणी फारसं लिहीत नाही. झीरोच्याच पहिल्या एपिसोडाच्या शेवटी वेव्हर नावाचा घाबरट विद्यार्थी रायडरला बोलावतो, आणि हा रायडर म्हणजे अलेक्झांडर, आपला सिकंदर. दुसऱ्या एपिसोडात एवढा दांडगा राजा सगळ्यात आधी काय विचारतो तर ग्रंथालय कुठे आहे. तिथे घुसतो, होमरचं पुस्तक आणि जगाचा नकाशा उचलून आणतो. मग विचारतो, यात माझं राज्य केवढं होतं? वेव्हर बिचकत बिचकत दाखवतो, त्याला वाटतं आता हा खवळणार कारण नकाशावर ते राज्य अगदीच छोटं दिसतंय. आणि सिकंदर खूश होतो! जग एवढं मोठं आहे तर जिंकायला मजा येईल. दोन तीन मिनिटांत तो कोण आहे, त्याला काय हवंय, वेव्हर कसा आहे आणि या जोडीत खरा मालक कोण, सगळं कळलं, आणि कोणी कोणाभोवती फिरलं नाही. हेही एक्स्पोझिशनच.

अकराव्या एपिसोडात तीन राजे, सेबर, रायडर आणि गिलगामेश, रात्री अंगणात दारू पीत बसतात आणि राजा म्हणजे काय यावर वाद घालतात. जवळजवळ पूर्ण एपिसोड बोलणं. झीरो आवडणाऱ्या कोणालाही विचारा, आवडत्या एपिसोडांत हा निघेलच. कारण तिथपर्यंत आपल्याला तिघेही माहीत झालेत, प्रत्येकाचं म्हणणं दुसऱ्याला लागतंय, सेबरचा चेहरा हळूहळू उतरत जातो आणि तो आपल्याला बघवत नाही.

स्टे नाइटमध्ये तर एक नियमच असा केलाय की लोर आपोआप कोडं होतं. सर्व्हंट आपलं खरं नाव लपवतात, कारण नाव कळलं की आख्यायिका कळली आणि आख्यायिका कळली की तो कशाने मेला होता ते कळलं. सुरुवातीच्याच लढाईत लान्सर आपला भाला गे बोल्ग वापरतो, सेबर कशीबशी वाचते आणि त्या भाल्यावरूनच तिला कळतं की समोर आयर्लंडचा कु खुलिन आहे. आयरिश पुराण आपण कधी वाचलेलं नसलं तरी त्या क्षणी आपल्याला ते हवं असतं, पॉज करून शोधायला जातो आपण. आणि झीरोपासून सुरू करणाऱ्यांना काय चुकतं बघा, स्टे नाइटमध्ये सेबर कोण आहे हे बराच काळ झाकून ठेवलंय, झीरो ते पहिल्याच एपिसोडात सांगून मोकळं होतं.

"पण काकू, ..."

हे लिहिलं की कोणीतरी म्हणणारच की मूळ गेम वाचा मग तक्रार करा. वाचावाच, ऑगस्ट २०२४ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती इंग्रजीसकट कॉम्प्युटरसाठी स्टीमवर आणि निन्टेन्डो स्विचवर आली आहे, पूर्वी तर तीही सोय नव्हती. पण अ‍ॅनिमे वेगळं काम आहे आणि ते स्वतःच्या पायावर उभं राहायला पाहिजे. पुस्तक वाचलं नसेल तर सिनेमा कळणार नाही हे उत्तर मला कधीच पटलं नाही.

दुसरं म्हणणं, आजच्या पोरांना रील बघून बघून लक्ष देता येत नाही. मग तीच पोरं तीन राजांचं बोलणं तोंड उघडं ठेवून कशी बघतात? एखादं मूल कंटाळलं तर आधी प्रसंगाकडे बघावं, मुलाला दोष देणं फार सोपं असतं.

तिसरं जरा जड आहे आणि मी ते मानते. फेटमधून लोर कमी केलं तर फेट उरणार नाही, नासूंना समजावून सांगायला आवडतं आणि आम्हाला त्यांचं समजावणं आवडतं, त्याला धक्का लावू नका. अगदी बरोबर. मला त्या पाच जादूंबद्दल शंभर पानं दिली तरी मी वाचीन. पण पहिल्या एपिसोडात ती ऐकायला बसलेला माणूस अजून फेटचा झालेला नाही, आधी त्याला होऊ द्या, मग तोच मागेल.

सुरुवात कुठून करायची

माझ्या मते युफोटेबलच्या अनलिमिटेड ब्लेड वर्क्स या २०१४-१५ च्या मालिकेपासून. त्यातला शिरो एमिया हा मुलगा आपल्याइतकाच अडाणी आहे, रिन तोहसाका त्याला वैतागून समजावते, मग चर्चमध्ये किरेई परत समजावतो, तर तिथे बोलणं आहे, खोटं कशाला सांगू, पण तोपर्यंत लान्सरने शिरोच्या छातीत भाला घातलेला असतो त्यामुळे हे काय चाललंय हा प्रश्न त्यालाही असतो आणि आपल्यालाही. मग हेवन्स फीलचे तीन पिक्चर, २०१७, २०१९ आणि २०२० चे, पण ते काळोखे आहेत, लहान मुलांना अजिबात नको. त्यानंतर झीरो, तेही मोठ्यांसाठीच. २००६ ची स्टुडिओ डीनची मालिका सध्या बाजूला ठेवली तरी चालेल.

सबटायटलची नावं घोळ करत असतील तर वर सात जणांबद्दल लिहिलेला परिच्छेद मोबाईलवर काढून ठेवा, पहिले काही एपिसोड तेवढाच लागेल. आणि घरात कोणी लहान असेल, किंवा वहिनींसारखं कोणी नुसतं सोबत बसायला आलं असेल, तर २०१८ ची टुडेज मेन्यू फॉर द एमिया फॅमिली लावा. त्यात हीच सगळी पात्रं एकत्र स्वयंपाक करतात आणि जेवतात, कोणी कोणाला काही समजावत नाही, फार फार तर भात कसा शिजवायचा ते.